मागच्या दारानं आलेलं पाणी

आमच्या गावाला पूर्वी एकच नाव होतं. आता दोन आहेत, एक जुनं आणि एक नवं. नवं गाव टेकाडावर आहे, सरळ रस्त्यांचं आणि सिमेंटच्या नाल्यांचं, आणि तिथल्या पोरांना पुराची गोष्ट तोंडपाठ आहे. ती गोष्ट ऐकली की माझं डोकं फिरतं. कोणी सांगतं हेलिकॉप्टर आलं होतं. कोणी सांगतं पाटलीणबाईंनी नदीची ओटी भरली आणि त्याच पावली नदी मागं हटली. कोणी सांगतं आमच्या बैलानं सात माणसं पाठीवर वाहून नेली. हेलिकॉप्टर आलं नव्हतं. ओटी घ्यायला नदीला त्या दिवशी सवड नव्हती. आणि बैलाच्या पाठीवर एकच जण होता, माझा भाऊ बाळू, तोही शेपटीकडे तोंड करून बसलेला. जे तिथं होते त्यांतले आता थोडेच उरलेत. माय गेली, बाबा गेले, बाळू म्हणतो मला काहीच आठवत नाही. मी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलं. जे दिसलं ते लिहायचं, जे दिसलं नाही ते लिहायचं नाही, ही सवय हाताला लागलेली आहे. म्हणून हे लिहून ठेवते.

आमचं जुनं गाव पैनगंगेच्या काठावर होतं. बाजार ढाणकीचा, लग्नाचे कपडे उमरखेडचे, आणि मोठं दुखणं आलं तर यवतमाळ. गावाचं तोंड नदीकडे होतं. पाटलांची घरं, मारुतीचं देऊळ, पोळ्याचं मैदान, सगळं नदीच्या अंगाला. आमची वस्ती गावाच्या पाठीला, नाल्याच्या कडेला. वस्तीत आम्ही सगळे बौद्ध. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव एका टोपल्यात घालून नदीत सोडले होते, आणि मग विहार बांधायला गावाकडे जागा मागितली. गावानं गायरानातलं खडकाळ टेकाड दिलं, जिथं गवतही धड उगवत नव्हतं. चढून जायला त्रास, पाणी नाही, सावली नाही. द्यायचं म्हणून दिलं. आमच्या माणसांनी दगड फोडून त्यावर विहार बांधला, पत्र्याचा, पुढं ओटा असलेला. वस्तीतून विहाराकडे जायला एक पांदण होती, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांच्या मधून खाली दबलेली बैलगाडीची वाट. ती आधी खोल उतरायची आणि मग टेकाडावर चढायची. या पांदणीची गोष्ट पुढं येणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवते.

घरात आम्ही चौघं आणि दोन बैल. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, माझं नाव कागदावर वेगळं पण घरात आणि वस्तीत बेबी. बाळू चार वर्षांचा. बैलांची नावं कोसा आणि बांड्या. कोसा थोराड, फिकट कोशाच्या रंगाचा, समजूतदार आणि थोडा आळशी. बांड्या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, तरणा, बिथरायचा. बाबांची जमीन थोडी होती पण काळी होती, कापूस आणि तूर व्हायची. बाबा देव मानत नसत. सण म्हटला की वाद घालत. पण पोळा त्यांनी कधी सोडला नाही. वस्तीतले शिकलेले तरुण त्यांना चिडवायचे, तेव्हा ते म्हणायचे की बैल देव थोडाच आहे, तो सोबती आहे, आणि सोबत्याला वर्षातून एकदा जेवू घालायला कोणत्या धर्माची परवानगी लागत नाही. माय यावर काही बोलत नसे. ती बोलायची ती पुरणावर. तिचं पुरण वस्तीत नावाजलेलं होतं, त्यात जायफळ असायचं आणि गूळ असा बेताचा की दुसरी पोळी मागावी.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वऱ्हाडात ज्यांच्या घरी बैल नव्हता त्यांच्यासाठी सांगते. सालभर जू ओढून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात. त्या खांद्यांना तूप आणि हळद लावून पळसाच्या पानांनी शेकायचं, आणि शेकता शेकता बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे आवतण एकदा दिलं की बैल दुसऱ्या दिवशी घरचा पाहुणा. त्याला आधी जेवू घातल्याशिवाय घरातलं कोणी पुरणाला बोट लावत नाही. नव्या दोऱ्याही तेव्हाच लावतात. वेसण, मोरखी, कासरा, गळ्यातलं दावं, सगळं नवं. आमच्याकडे बाबा वाख, म्हणजे अंबाडीचे तंतू, घेऊन उन्हाळ्यात स्वतः दोर वळायचे. अंबाडीचा नवा दोर करकरीत असतो, हाताला टोचतो, आणि त्याला कच्च्या रानाचा वास येतो.

त्या वर्षी पाऊस आठवडाभर थांबला नव्हता. जोराचा नव्हता, पण हटत नव्हता. भिंती फुगल्या होत्या, मिठाच्या बरणीत पाणी सुटलं होतं, काड्यापेटी माय पोटाशी धरून ठेवायची. खांदशेकणीच्या दिवशी दुपारी कोतवाल ढोल घेऊन आला. वरचं धरण भरलंय, दारं उघडणार आहेत, गाव खाली करा, ढाणकीच्या शाळेत राहायची सोय आहे, असं त्यानं तीन ठिकाणी उभं राहून सांगितलं. त्याचा आवाज घोगरा झाला होता, ढोल ओला होऊन नुसता थपथप वाजत होता. लोकांनी ऐकलं. मग नेहमीप्रमाणे नदीवरच्या उंबराकडे गेले. गावाची रीत अशी होती की पाणी उंबराच्या बुंध्याला लागलं की सामान बांधायचं आणि पहिल्या फांदीला लागलं की निघायचं. कितीतरी पिढ्या त्या उंबरानं गावाला कधी फसवलं नव्हतं. पाणी अजून बुंध्याच्याही खाली होतं. पाटलांनी ठरवलं की उद्या पोळा दुपारीच फोडू, बैलांना जेवू घालू आणि मग जनावरं घेऊन सगळे मिळून निघू. सगळ्यांना ते पटलं. आज मला राग येतो, पण खोटं कशाला सांगू, तेव्हा मलाही पटलं होतं. मला नवीन फ्रॉक होता.

मायला मात्र पटलं नव्हतं. संध्याकाळी बाबा गोठ्यात बसून कोसाचा खांदा शेकत होते, मी तुपाची वाटी धरली होती. माय दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात चुलीची फुंकणी होती.

"दवंडी आयकली ना तुमी?" ती म्हणाली. "मंग आवतन कायले देऊन राह्यले? नका देऊ. आवतन नाही तं बांधिलकी नाही. सकायी उठून जाऊ."

"सालभर राबला तो," बाबा म्हणाले. "एक दिवसाचं जेवन हाय त्याचं. जेवू घालू अन् निघू."

"अन् पोरं?"

बाबांनी कोसाच्या कानाशी वाकून आवतण दिलं, मग बांड्याला दिलं. कोसानं नेहमीप्रमाणे मान हलवली आणि घंटी वाजली. माय आत गेली आणि तिनं चण्याची डाळ भिजत घातली. ती भांडणारी बाई नव्हती. एकदा सांगायची, मग कामाला लागायची, आणि आपण काय सांगितलं होतं ते विसरायची नाही.

सकाळी पाऊस थांबलेला होता. इतक्या दिवसांनी कानाला शांतता मिळाली आणि ती नको वाटली. बेडूक ओरडत नव्हते. आमच्या मागच्या भिंतीवर मुंग्या तोंडात अंडी धरून वर चढत होत्या, एक ओळ नाही, भिंतभर. आढ्याच्या लाकडावर एक धामण येऊन बसली होती. बाबांनी काठीनं हलवली तरी ती खाली उतरायला तयार नव्हती. दुरून नदीचा आवाज येत होता. नेहमी नदी खळखळते, त्या दिवशी ती घरघरत होती, जात्यात ओले दाणे टाकल्यावर येतो तसा आवाज. आभाळ पिवळसर झालं होतं. माय एकदा बाहेर येऊन आभाळाकडे पाहून गेली आणि नंतर तिनं चुलीत जास्तीचं लाकूड घातलं. स्वयंपाक लवकर उरकायचा होता तिला.

बाबांनी बैल विहिरीच्या पाण्यानं धुतले, नदीवर न्यायची सोय नव्हती. शिंगं रंगवली, कोसाची लाल, बांड्याची हिरवी. कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ. कोसाच्या पाठीवर झूल घातली. ती झूल मायनं तीन हिवाळे बसून शिवली होती, जुन्या लुगड्यांच्या घड्या आत घालून, वरून आरशाचे तुकडे लावून. ती कोरडी असतानाच मला उचलत नसे. मग बैल अंगणात आपापल्या खुंट्याला बांधून बाबा उंबराकडे पाणी पाहायला गेले. सगळेच पुरुष तिकडे होते. घरात माय पोळ्या लाटत होती, मी शेकत होते, बाळू पाटावर बसून पुरणाच्या गंजाकडे, म्हणजे उभ्या पातेल्याकडे, पाहत होता. बैलांच्या आधी मिळणार नाही हे त्याला चार वेळा सांगून झालं होतं.

चूल विझली. पहिल्यांदा तेवढंच झालं. फस्स असा आवाज आला, धूर आला आणि माय म्हणाली, बेबी, लाकूड वलं टाकलं काय तू. मी म्हटलं नाही. मग तिनं खाली पाहिलं. मागच्या दाराच्या उंबरठ्यावरून पाणी आत येत होतं. त्याला धार नव्हती, लाट नव्हती, आवाज नव्हता. सारवलेल्या जमिनीवरून ते सावकाश पसरत होतं, पुढं शेणाची गोवरी आणि कापसाच्या दोन-चार वाळक्या पऱ्हाट्या तरंगत होत्या, आणि चुलीतली राख त्यात काळी होऊन बाहेर येत होती. माय क्षणभर नुसती बघत राहिली. मग तिनं बाळूला उचललं आणि मला म्हणाली, बाबाले बलाव, पय.

मी पळाले. घरापुढं पाणी नव्हतं, गल्ली नुसती ओलसर होती, हे मला अजून आठवतं, की मागं पाणी आणि पुढं नुसती ओलसर, मुरमाची गल्ली. उंबराजवळ सगळं गाव उभं होतं, माझ्याकडे पाठ करून. नदी लाल, फुगलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पण उंबराच्या बुंध्याला पाणी नुकतंच टेकलं होतं. मी ओरडून सांगितलं की मागून पाणी आलं, चुलीत शिरलं. एक म्हातारे गृहस्थ वळून हसले. "नाला नदीले जाते, पोरी," ते म्हणाले. "नदीचं पानी नाल्यात कधी गेलं काय?" आणि खरंच, कोणाच्या बापजन्मी तसं झालं नव्हतं. पण पूर्वी वर धरणही नव्हतं. नदी इतकी भरली होती की नाल्याचं पाणी तिनं घेतलंच नाही, उलट त्याच्या तोंडातून आपलंच पाणी आत ढकललं. नाला मागं फिरला होता आणि पाठीमागून वर चढत होता. हे सगळं मला नंतर कळलं. बाबांनी तेव्हा फक्त माझ्या पायांकडे पाहिलं. नदीचा गाळ लाल, नाल्याचा काळा. माझे पाय घोट्याच्या वरपर्यंत काळे होते. बाबा घराकडे धावले.

आम्ही पोचलो तोवर अंगणात गुडघाभर पाणी झालं होतं. माय ओट्यावर उभी होती, एका कडेवर बाळू, दुसऱ्या कडेवर पुरणाचा गंज. पैशाचा डबा, कपडे, भांडी सगळं आत राहिलं आणि पुरण हातात होतं. यावरून पुढं तिला लोकांनी फार चिडवलं. ढाणकीच्या रस्त्यावरचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, केव्हाच बुडाला असणार हे बाबांनी ओळखलं, म्हणजे तिकडची वाट बंद. राहिलं एकच ठिकाण, विहाराचं टेकाड. आणि मध्ये ती पांदण, जी आधी खोल उतरत होती.

बाबा बांड्याकडे गेले. त्याची गाठ सुटली. बाळूला त्यांनी त्याच्या पाठीवर ठेवलं, घुंगरमाळेत त्याचे हात अडकवले, बांड्या बिथरला तसा बाळू फिरून उलटा बसला आणि तसाच राहिला. मग बाबा कोसाकडे वळले. कोसाची गाठ खुंट्यावर खाली होती, पाण्यात. नवा अंबाडीचा दोर, त्यांनी स्वतः वळलेला. पाणी पिऊन तो फुगला होता आणि गाठ दगडासारखी झाली होती. ते पाण्यात हात घालून नखांनी ओढत होते. पाणी त्यांच्या मांडीला लागलं. झूल भिजून कोसाच्या पाठीवरून खाली लोंबत होती आणि तो मान वर करून उभा होता, ओरडत नव्हता.

"राहू द्या त्याले," माय म्हणाली. "चला तुमी."

"तुमी व्हा पुढं. बांड्या नेते तुमाले. त्याची शेपटी सोडू नका."

"आयका माह्यं. चला."

"जेवाले बलावलं अन् बांधून मारू काय त्याले?" बाबा म्हणाले. मायकडे न पाहता म्हणाले. हात पाण्यातच होते.

माय आणखी एक क्षण थांबली. मग तिनं गंज डोक्यावर ठेवला, बांड्याचा कासरा माझ्या हाताला गुंडाळला आणि स्वतः त्याची शेपटी धरली. आम्ही निघालो. मी वळून पाहिलं तेव्हा बाबा छातीपर्यंत पाण्यात वाकले होते.

पांदणीत उतरलो तसा बांड्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज बुडाला. एवढा वेळ ते वाजत होते आणि एकदम वाजायचे थांबले. माझे पाय सुटले. मला पोहता येत नव्हतं, मायलाही नाही. पाणी गार नव्हतं, कोमट होतं, आणि त्याला गोठ्याचा वास होता. पऱ्हाट्या अंगाला टोचत होत्या. पायाला काहीतरी लागून गेलं, काय ते मला आजही विचार करायचा नाही. बांड्याचं फक्त डोकं आणि हिरवी शिंगं वर होती, तो नाकातून फुर्र फुर्र करत होता, आणि बाळू मागं आमच्याकडे तोंड करून, डोळे वटारून, मायच्या डोक्यावरच्या गंजाकडे बघत होता. एकदा मी खाली गेले. कानात नुसतं गच्च झालं. कासरा हाताला गुंडाळलेला होता म्हणून वर आले. मग बांड्याचे खुर कशाला तरी लागले, घुंगरं परत वाजली, आणि टेकाडाचे दगड माझ्या गुडघ्यांना लागले. ते दगड मी दोन्ही हातांनी धरून ठेवले.

वस्तीतली माणसं आधी चढली, मग गाव आलं. मैदानाकडून, देवळाकडून, जिथून वाट मिळाली तिथून. ज्यांनी हे टेकाड आमच्या आजोबांना देताना नाकं मुरडली होती त्यांच्या सुना-पोरांना वत्सलाआत्यानं हात देऊन वर ओढलं. वत्सलाआत्या म्हणजे विहार झाडणारी म्हातारी. ती एरवी चप्पल बाहेर काढल्याशिवाय कोणाला आत येऊ देत नसे. त्या दिवशी कोणाच्याच पायात चप्पल नव्हती, तरी ती सवयीनं सांगतच होती. पाटील आले, भिजलेले, आणि एका खांबाला टेकून बसले. सगळे आपापली माणसं मोजत होते. मायनं मोजलं नाही. ती ओट्याच्या टोकाला उभी राहून आमच्या घराच्या पत्र्याकडे पाहत होती.

आणि मग जे झालं ते मी ओट्यावरून पाहिलं. तोवर मागचं पाणी नुसतं उभं होतं, तळ्यासारखं. नदीनं उंबराची पहिली फांदी गाठली, दुसरी गाठली, आणि पुढचं पाणी गावातून आत येऊन मागच्या पाण्याला मिळालं. ते मिळाल्याबरोबर सगळं पाणी चालायला लागलं. घरं उभ्या उभ्या हलली. मातीच्या भिंती आवाज न करता खाली बसत होत्या, वर पत्रा राहायचा, मग पत्राही वळून जायचा. तोरणाखाली उभ्या केलेल्या सजवलेल्या बैलजोड्या वाहत आल्या, बाशिंगं लावलेल्या, काही पोहत होत्या, काही नाही. बायकांनी रडायला सुरुवात केली. आमच्या घराचा पत्रा होता तिथं थोड्या वेळानं नुसता कडुनिंबाचा शेंडा दिसत होता आणि मग अंधार झाला.

त्या रात्रीचं फार सांगत नाही. पोरं भुकेनं रडायला लागली तेव्हा मायनं गंज मध्ये आणून ठेवला. कोणीतरी म्हातारी म्हणाली, बैलाले पह्यले दे व, त्याचा मान हाय. बांड्या ओट्याखाली उभा होता, थरथरत. मायनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं आधी पोरांना वाढलं, पाटलांच्या नातवाला आणि आमच्या बाळूला एकाच हातानं, लाडू करून करून, मग म्हाताऱ्यांना. तिनं स्वतः खाल्लं नाही. मी खाल्लं. जायफळाचा वास आला आणि मला लाज वाटली की ते इतकं चांगलं लागत होतं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ माणसं मरताना पाहिली, नोकरीच ती होती. पण माणूस मेला की जिवंत आहे हे माहीत नसताना बसून राहणं मी त्या एका रात्रीत शिकले. मी मायला एकदा विचारलं, बाबा येतीन ना? ती म्हणाली, झोप.

उजाडलं तेव्हा पाणी थोडं उतरलं होतं आणि गाव नव्हतं. पलीकडच्या गावचे भोई डोंगा घेऊन आले, झाडाझाडाला फिरत. एका फेरीत त्यांनी देवळाच्या कळसावरून दोघांना आणलं, दुसऱ्या फेरीत एका बाईचं प्रेत. तिसऱ्या फेरीत डोंग्यात बाबा होते. आमच्याच कडुनिंबावर सापडले. कोसाची गाठ त्यांना शेवटपर्यंत सुटली नव्हती. त्यांनी खुंटाच हलवून हलवून उपटला होता, आणि तेवढ्यात पाणी चालायला लागलं. कोसा खुंट्यासकट, दोरासकट, मायच्या झुलीसकट गेला. बाबांना बैलाचा सुटलेला कासरा सापडला, तो कमरेला बांधून त्यांनी स्वतःला फांदीला आवळून घेतलं होतं. कमरेवरचा तो वळ पुढं महिनाभर गेला नाही. हे सगळं त्यांनी फक्त एकदा सांगितलं, तेही मला, मायला नाही.

डोंगा टेकाडाला लागला. माणसं धावली. मी धावले. माय धावली नाही, ती उभी होती, कडेवर बाळू, साडी चिखलानं कडक झालेली. बाबांना दोघांनी धरून उभं केलं. त्यांचे ओठ निळे होते, बोटांची नखं निघालेली. त्यांनी मायकडे पाहिलं, बाळूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बांड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "कोसा आलता काय?"

मायच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"कोसा नाही आला," ती म्हणाली. "आमी हावो."

आम्हाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, मोठा वेढा घालून, ढाणकीला नेलं. शाळेच्या एका वर्गात चार घरं. ढाणकीच्या लोकांनी खूप केलं, व्यापाऱ्यांनी पोती उघडली, कोणाकोणाच्या घरून भाकरी यायच्या, आमच्या हातावर ठेवताना कोणी जात विचारली नाही, निदान पहिल्या आठवड्यात तरी. पुढं पुनर्वसन झालं, टिनाचे शेड, मग घरं. बांड्या आमच्याकडे राहिला. एकट्या बैलानं औत चालत नाही, म्हणून बाबा त्याची दुसऱ्याच्या बैलाशी जोडी लावायचे, आणि पोळ्याच्या दिवशी सकाळीच कुठंतरी निघून जायचे.

आणि मायनं बाबांना काही विचारणं सोडलं. लोकांना ते कधी कळलं नाही, इतकं ते बारीक होतं. ताट वाढायची, पण जेवता काय असं विचारायची नाही. ताप आला तर कपाळावर हात ठेवायची, काढा करून द्यायची, पण कसं वाटून राह्यलं असं नाही. बाजारातून काय आणू, पोरीले नर्सिंगले पाठवू काय, हे सगळं बाबाच विचारायचे आणि ती उत्तर द्यायची. उत्तर बरोबर असायचं, आवाजही साधा असायचा. बाबा वारले त्या दिवशी ती रडली, खूप रडली. माणूस म्हणून त्यांच्यावर तिचा जीव होता, याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही.

मायची शेवटची दोन वर्षं माझ्याकडे आर्णीला गेली. अंथरुणाला खिळली होती पण डोकं लख्ख होतं. एका दुपारी टीव्हीवर कुठल्यातरी गावचा पूर दाखवत होते, एक पोरगा गुडघाभर पाण्यात उभा राहून बोलत होता. तिनं बंद करायला सांगितलं. मी बंद केला आणि तिचे पाय चेपायला बसले. कितीतरी वर्षं मनात घोळवलेलं मी तेव्हा तिला सांगितलं. मी म्हटलं, माय, डोंग्यातून उतरले तेव्हा बाबाले आपुन तिघंही समोर दिसून राह्यलो होतो. त्यायनं एकेकाले पाह्यलं. जो दिसत नव्हता त्याचंच इचारलं. ते काही बैलाचं प्रेम नव्हतं माय, ती मोजदाद होती.

तिनं डोळे मिटले होते. मला वाटलं झोपली. मी पाय चेपत राहिले.

"मले का समजलं नाही ते?" ती म्हणाली. "तवाच समजलं मले. त्यायचे डोये फिरले ना आपल्यावरून."

"मंग?"

"मंग काय," माय म्हणाली. "दिसून राह्यली होती मी. तरी इचाराले पाह्यजे होतं."